मदत हवी आहे: मुलीचा वर्ग फ्लूमुळे बंद, मुलगी ठणठणीत. रविवारी मेळाव्याला न्यावं का? (तोक्यो)

निशीकसाईची_आई

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

लेक दुसरीत आहे, इथल्या वॉर्डाच्या सरकारी शाळेत. काल क्यूशोकु (शाळेतलं दुपारचं जेवण) झाल्याझाल्या अख्खा वर्ग घरी पाठवला. दप्तरात चिठ्ठी होती: इन्फ्लुएन्झामुळे गैरहजर मुलं वाढली आहेत, म्हणून गुरुवार-शुक्रवार गाक्क्यू-हेइसा, म्हणजे फक्त हा एक वर्ग बंद. शेजारचा वर्ग चालू! रोज सकाळी ताप मोजून टॅबलेटवर भरायचा, गर्दीत जायचं नाही, बाहेरचे क्लास टाळायचे, मित्रमैत्रिणींकडे जायचं नाही. गाकुदोतही (शाळा सुटल्यावर मुलं सांभाळतात ते) या वर्गाला प्रवेश नाही.

आता अडचण अशी की रविवारी आमच्या इथल्या मराठी लोकांचा दिवाळी मेळावा आहे. दिवाळी होऊन गेली, पण हॉल आत्ताच मिळाला, त्याला इलाज नाही. मुलांचं लेझीम आहे, गणपतीपासून सराव चाललाय आणि ही पुढच्या रांगेत आहे. ताप ३६.४. खोकला नाही, सर्दी नाही, सकाळपासून सोफ्यावर उड्या मारतेय. म्हणते, "मला काही झालंच नाही, मग मी का घरी?" मला उत्तर देता आलं नाही.

वर्गाच्या लाइन (इथलं व्हॉट्सअॅपसारखं अॅप) ग्रुपवर एका आईने लिहिलंय, "आम्ही या शनिवार-रविवारी घरीच असू." हा टोमणा आहे की नुसती माहिती, हे मला इतकी वर्षं इथे काढूनही कळत नाही. दुसरीकडे आपला व्हॉट्सअॅप ग्रुप, तिथे सगळे म्हणताहेत, "अगं घेऊन ये, काही होत नाही."

त्यात पुढच्या आठवड्यात सासूबाई पुण्याहून येताहेत. वय बहात्तर, मधुमेह. नवरा ओसाकाला. आणि माझ्या ऑफिसात आजारी नसलेल्या मुलासाठी सुट्टी कशी मागायची, हा वेगळाच प्रश्न. तर नियम नक्की काय, आणि तुम्ही काय केलं असतंत?

कोबेकर

ताई, नियमापुरतं आधी सांगतो. वर्ग बंद करायचा अधिकार शाळा आरोग्य सुरक्षा कायद्यात आहे. मुलाने त्या दिवसांत घरात राहावं ही मात्र विनंती. कोणी दंड करणार नाही, पोलीस येणार नाहीत. पण या देशात विनंतीचं वजन काय असतं ते २०२० मध्ये पाहिलंत ना? २७ फेब्रुवारीला, गुरुवारी संध्याकाळी, पंतप्रधान आबे यांनी सोमवारपासून शाळा बंद ठेवा अशी विनंती केली आणि २ मार्चपासून जवळजवळ सगळ्या देशातल्या शाळा बंद. तोक्यो मॅरेथॉन त्याच्या आदल्याच दिवशी होती, ती नुसत्या अव्वल धावपटूंची झाली. हजारो हौशी लोक बूट घेऊन घरी बसले.

मी २००९ मध्ये कोबेला होतो. मे महिना. स्वाइन फ्लूचे देशात लागण झालेले पहिले रुग्ण आमच्याच शहरातले शाळकरी विद्यार्थी निघाले आणि एका शनिवारात शहराचा चेहरा पालटला. कोबे मात्सुरी (शहराचा उत्सव) पुढे ढकलला, ह्योगो आणि ओसाकातल्या शाळा आठवडाभर बंद, मास्क कुठल्याच दुकानात नाही. आणि शाळा बंद केलेली मोठी पोरं? कराओकेत! दार बंद केलं तर विषाणू खिडकीतून गेला म्हणायचं. तेव्हा सगळ्यात वाईट काय वाटलं सांगू, तर ज्या शाळांत रुग्ण सापडले त्यांना लोक फोन करून शिव्या घालत होते. ताप आलेल्या मुलांना अपराध्यासारखं वागवलं. तुमच्या त्या लाइनवरच्या आईच्या मनात तीच धास्ती असेल: आपल्यामुळे कुणाला त्रास झाला असं व्हायला नको. टोमणा नाही वाटत मला.

योकोहामाचा_बंड्या

मी असतो तर नेलं असतं. शेजारचा वर्ग उघडा, दोन्ही वर्गांचा जिना एक, शौचालय एक, संध्याकाळी बागेत सगळी मिळून खेळणार, आणि आपल्या पोरीने लेझीम खेळायचं नाही? निव्वळ देखावा.

बाय द वे, आपल्याला हसू येईल, पण २०१४ मध्ये तोक्योतल्या योयोगी पार्कमध्ये डेंग्यूचे डास सापडले तेव्हा ४ सप्टेंबरपासून जवळजवळ अख्खा पार्क बंद केला होता, थेट ऑक्टोबर संपेपर्यंत. देशात साधारण १६० रुग्ण. पुण्यात एवढे रुग्ण एका पावसाळ्यात एकाच पेठेत निघतील आणि सारसबाग चालूच असेल. इथे मात्र जवळपास सत्तर वर्षांनी देशातल्या देशात डेंग्यू झाला होता, म्हणून धाबं दणाणलं.

डॉ_रिकामटेकडा

बंड्या, डास आणि फ्लू एका तराजूत घालू नकोस. डेंग्यू माणसाकडून माणसाला खोकल्यातून होत नाही. (आणि ती बंदी मूर्खपणाची नव्हती, डास मारायला आणि पकडून तपासायला पार्क रिकामा हवाच होता.)

ताई, मी इथे प्रॅक्टिस करत नाही, पण शिक्षण तेच आहे. फ्लूची लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण एक ते चार दिवस, बहुतेकदा दोन. आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासून मूल दुसऱ्याला देऊ शकतं. ती बुधवारी दुपारपर्यंत वर्गात होती, म्हणजे रविवार अजून त्या चार दिवसांत येतो, अगदी काठावर. "ठणठणीत आहे" हे गुरुवारी खरं, रविवारी खात्री नाही. टेस्ट करून घेऊ का असं विचाराल, तर ताप नसताना टेस्टला अर्थ नाही. ताप आल्यावरही पहिल्या बारा तासांत ती बऱ्याचदा खोटी निगेटिव्ह येते.

सासूबाईंचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लस घेतली नसेल तर आज पुण्यात घेतली तरी परिणाम व्हायला दोन आठवडे लागतात. तरी घेऊ द्या, हिवाळा मोठा आहे. त्या घरात आल्यावर मुलीला ताप आलाच, तर डॉक्टरांना लगेच सांगा की घरात वयस्क मधुमेही आहेत. अशांना प्रतिबंधक म्हणून फ्लूचं औषध देतात, फक्त ते विम्यात बसत नाही, खिशातून भरावं लागतं.

आणि एक, हे सगळ्यांसाठी. आपण भारतातून तापाची सिरपं आणतो, त्यांतल्या काहींत मेफेनॅमिक अॅसिड असतं. फ्लू असलेल्या मुलांना ते आणि अॅस्पिरिन इथे देत नाहीत. पॅरासिटामॉल चालतं, इथे त्याला आसेतोआमिनोफेन म्हणतात. तापाचे पहिले दोन दिवस मुलाला एकटं सोडू नका, बाल्कनीच्या दाराला कडी लावा. फ्लूत मुलं भ्रमात उठून धावतात, म्हणून इथलं आरोग्य मंत्रालयच हे सांगतं.

भातुकली

ऑफिसचं मी सांगते, नुकतंच करून झालंय. एप्रिल २०२५ पासून मुलांच्या आजारपणाच्या रजेचा कायदा बदललाय. आधी ती शाळेत जायच्या आधीच्या मुलांपुरतीच होती, आता तिसरी संपेपर्यंत मिळते. आणि कारणांत आता साथीमुळे वर्ग बंद होणंही आलंय, मूल आजारी असायलाच हवं असं नाही! एका मुलासाठी वर्षाला पाच दिवस, दोन किंवा जास्त असतील तर दहा. तासांवरही घेता येते. पगार द्यायचा की नाही ते कंपनीवर, आमच्याकडे बिनपगारी आहे. एचआरला "को नो कांगो-तो क्यूका" (या रजेचं जपानी नाव) एवढंच म्हणा. आमच्या साहेबांना माहीतच नव्हतं, मी शाळेची चिठ्ठी स्कॅन करून पाठवली तेव्हा गप्प झाले.

रात्री ताप चढला तर #८००० लावा. मुलांसाठीची सल्ल्याची लाइन आहे, आधी नर्स वगैरे बोलतात आणि आत्ता न्यायचं की सकाळी ते सांगतात.

मेळाव्याचं म्हणाल तर मी नेणार नाही. पण आयोजकांनाही थोडं सांगा: यंदा फराळ परातीत मांडू नका. चिवडा-चकली पाकिटांत भरून दारात द्या, घरी नेऊन खाऊ देत. खिडक्या उघड्या. तोक्योचा आकडा ३० च्या वर गेलाय (ठरवून दिलेल्या दवाखान्यांत दर दवाखान्यामागे आठवड्याला सरासरी किती रुग्ण, तो आकडा, तो १ झाला की साथ सुरू, १० झाला की सावधगिरी, ३० झाला की इशारा). मेळावा रद्द करा असं मी म्हणत नाही. पण आजी-आजोबांना पहिल्या रांगेत आणि खोकणाऱ्या पोरांना त्यांच्या मांडीवर, हे आपलं नेहमीचं चित्र यंदा नको.

योकोहामाचा_बंड्या

डॉक, काठावरचा रविवार हे पटलं. माघार घेतो. पण शेजारचा वर्ग चालू ठेवण्याचं लॉजिक मला मेलो तरी कळणार नाही.

कोबेकर

बंड्या, सगळी शाळा बंद केली तर सगळ्या आया घरी. त्यांतल्या निम्म्या नर्स नि दुकानांत कामाला असणार. २०२० च्या मार्चमध्ये तेच झालं. वर्गापुरतं बंद करणं ही इथली जुनी रीत आहे, मला तरी ती बरी वाटते.

निशीकसाईची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. भातुकली, रजेचा अर्ज पाठवला, एचआरने निमूट मंजूर केला. मलाच धक्का बसला.

लेकीला नेत नाहीये. डॉक्टरांचं "आदल्या दिवसापासून" हे तिला समजावून सांगितलं, अर्धा तास रडली, मग म्हणाली, व्हिडिओ कॉलवर मी घरातून लेझीम करेन. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना आधी सांगून ठेवावं लागेल. लाइन ग्रुपवर मीही लिहिलं, "आम्हीही घरीच." तीन मिनिटांत सात आयांची उत्तरं, फुलं, हसरे चेहरे. सगळ्या वाटच पाहत होत्या म्हणायच्या.

सासूबाईंनी लस घेतली आणि तिकीट पुढे ढकलायला साफ नकार दिला, "करोनात मी भाजी आणायला जात होते" म्हणून. त्यांची खोली वेगळी करतेय.

आता शेवटची मदत: पुढच्या रांगेत एक जागा रिकामी आहे. निशी-कसाई, कासाई किंवा फुनाबोरीत साधारण आठ वर्षांचं, ताप नसलेलं, ज्याचा वर्ग चालू आहे आणि ज्याला डावा-उजवा पाय कळतो असं मूल कुणाकडे असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. लेझीम मी देईन, शनिवारी सराव आहे.