किंमत, खर्च, भाव, मोल : बेनस्लेयर एंजलच्या निमित्ताने

प्रश्न : ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या खेळाच्या कार्डांवर मराठीत लिहिताना ‘किंमत’ हा शब्द फार अडवतो. कार्ड खेळायला लागणारा माना (जादूची ऊर्जा) म्हणजे किंमत, दुकानात मोजायचे पैसे म्हणजेही किंमत, आणि डावात ते किती कामाला येतं तीही किंमतच. ‘बेनस्लेयर एंजलची किंमत जास्त आहे’ यातून वाचणाऱ्याने नेमकं काय घ्यायचं?

उत्तर : सरळ तीन शब्द करा. मानासाठी ‘खर्च’, बाजारासाठी ‘भाव’, डावासाठी ‘मोल’. सेरा एंजल हे कार्ड बघा. 1993 च्या अल्फा संचातली आणि नंतर पुन्हा छापलेली, दोघींचा खर्च 5 माना, दोघी 4/4 (4 नुकसान करणाऱ्या, 4 नुकसानाने मरणाऱ्या), उडणाऱ्या, हल्ला करूनही आडव्या न होणाऱ्या (वापरलेलं कार्ड आडवं ठेवतात). डावात तसूभर फरक नाही, भावात मात्र जमीन-अस्मानाचा. मोल एकच.

दुसरं मत : ‘मोल’ पटत नाही. मोलाने घेणे, मोलमजुरी, सगळीकडे पैसाच आहे. ‘ताकद’ का नको?

उत्तर : पैसा आहे, मान्य. पण ‘मोलाचा सल्ला’ म्हणताना पैसा कुणाच्या मनात नसतो. आणि ‘ताकद’ आधीच अडकलेली आहे : क्रीचरच्या, म्हणजे लढणाऱ्या जिवाच्या, कार्डावर कोपऱ्यात छापलेला पहिला आकडा म्हणजे त्याची ताकद. ती वाचता येते, मोल जोखावं लागतं. 2009 साली आलेल्या ‘मॅजिक 2010’ संचातली बेनस्लेयर घ्या. खर्च सेराइतकाच, 5. पण ही 5/5, उडते, पहिला घाव हिचा, आणि जितकं नुकसान करेल तितकं आयुष्य मालकाला मिळतं. एक फटका बसला की समोरचा 5 ने खाली, आपण 5 ने वर. डाव 20 आयुष्याने सुरू होतो, तेव्हा तो फिरवायला असे दोन-तीन फटके पुरतात. लाइटनिंग बोल्ट या कार्डाच्या 3 नुकसानाने ती मरतही नाही.

आता त्याच संचातलं डूम ब्लेड : 2 माना, काळ्या रंगाचा नसलेला कुठलाही क्रीचर नष्ट. तुम्ही माना देणारे पाचही लँड आडवे करून एंजल उतरवली, समोरच्याने दोन लँडांत ती संपवली, तुमच्या हाती शून्य. उलट मलड्रिफ्टर. तोही 5 मानाचा, पण जेमतेम 2/2. मात्र टेबलावर येताक्षणी दोन कार्डं हातात देतो. मग मारा की त्याला!

म्हणूनच ही दोन नावं खेळाडूंमध्ये सामान्यनामं झाली आहेत. जगला तरच कमावणारा तो बेनस्लेयर, मेला तरी कमावून गेलेला तो मलड्रिफ्टर. ‘डूम ब्लेडने मरतं’ एवढ्यावर कार्ड मोडीत काढणं मला चुकीचं वाटतं. समोरच्याच्या डेकमध्ये तसं उत्तर किती वेळा असतं, हे पाहिल्याशिवाय मोल ठरत नाही.

प्रश्नकर्ता : मग ग्रेव्ह टायटन कुठे बसवायचा?

उत्तर : दोन्हीकडे. 6 माना, 6/6, आणि येताना 2/2 चे दोन झॉम्बी आणतो. पुढे दर हल्ल्याला आणखी दोन. काळा असल्याने डूम ब्लेड त्याला चालत नाही. दुसऱ्या कशाने मारला, तरी झॉम्बी टेबलावर उरतातच. इथे ‘मोल’ लिहा, ‘ताकद’ नको.