खोलीत ओल, कपाटामागे बुरशी: खिडकी उघडू की हीटर वाढवू?

प्रश्न: नवा_भाडेकरू
थंड देशात शिकायला आलोय. चौघांच्या भाड्याच्या घरात एक खोली माझी, दोन भिंती बाहेरच्या बाजूच्या. सकाळी काचेवरून पाणी ओघळून चौकटीत साचतं. कपाट सरकवलं तर मागे काळे ठिपके आणि कुबट वास. कपडे खोलीतच स्टँडवर वाळतात, दुसरी जागा नाही. घरमालक म्हणतो, "खिडकी उघडत जा." पण बाहेर दिवसभर पाऊस. ओली हवा आत घेऊन खोली कोरडी कशी होणार? आणि हीटरचं बिल वेगळंच.

उत्तर: दवबिंदू
पाऊस असला तरी उघडा. थंड हवेत फारशी वाफ मावतच नाही. २० अंशांना एका घनमीटर हवेत साधारण १७ ग्रॅम वाफ मावते, ० अंशांना जेमतेम ५. बाहेर ३ अंश आणि आर्द्रता १०० टक्के असली, तरी तीच हवा आत येऊन २० अंशांपर्यंत तापली की आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे हिवाळ्यातली पावसाळी हवासुद्धा तुमच्या खोलीतल्या हवेपेक्षा कोरडीच.

पद्धत मात्र महत्त्वाची. हीटर बंद करा, खिडकी सताड उघडा, जमल्यास समोरचं दार किंवा खिडकीही, म्हणजे वारा आरपार जाईल. ५ ते १० मिनिटं पुरतात, दिवसातून दोन-तीनदा. उठल्यावर एकदा तरी हवंच, रात्रभराच्या श्वासाची वाफ तेव्हा खोलीत कोंडलेली असते. एवढ्या वेळात हवा बदलते, पण भिंती आणि सामान गार होत नाही, त्यामुळे खोली लगेच पुन्हा तापते. खिडकी दिवसभर बोटभर उघडी ठेवणं सगळ्यात वाईट. तिच्या कडेची भिंत सतत गार राहते, बिल वाढतं आणि बुरशी नेमकी तिथेच धरते.

एक साधा आर्द्रतामापक घ्या आणि बाहेरच्या भिंतीजवळ ठेवा. ४० ते ६० टक्के ठीक. खोली २० अंश आणि आर्द्रता ६५ टक्के असेल, तर १३ अंशांच्या काचेवर पाणी धरतं. बुरशी मात्र पाणी दिसायची वाट बघत नाही. तेवढ्याच आर्द्रतेला भिंत १६ अंशांवर आली की तिला पुरे. म्हणून दिवसभर हीटर बंद आणि संध्याकाळी फुल्ल, असं करू नका. मंद का होईना, चालू ठेवा. आणि कपाट, पलंग बाहेरच्या भिंतीपासून ५ ते १० सेंटीमीटर पुढे ओढा. गादी थेट जमिनीवर असेल तर उचलून खालची बाजू बघा.

(उन्हाळ्यात तळघरातल्या खोलीत हे गणित उलटं होतं. बाहेरची उष्ण, दमट हवा गार भिंतीला लागून ओल वाढवते. तेव्हा पहाटे किंवा रात्री उघडा.)

उत्तर: धोबीघाट
खरा दोषी तो स्टँड आहे. मशीनभर कपड्यांत पिळल्यानंतरही सुमारे २ लिटर पाणी उरतं, आणि ते सगळं तुमच्या हवेत जातं. मशीनचं स्पिन (पिळण्याचा वेग, मिनिटाला फेऱ्या) ८०० वर असेल तर १२०० किंवा १४०० करा. ते जमत नसेल तर धुणं झाल्यावर नुसतं स्पिन पुन्हा एकदा लावा. मोटर पाणी काढते त्याला लागणारी वीज हीटरने वाळवण्याच्या मानाने काहीच नाही.

स्टँड शक्यतो बाथरूममध्ये, दार बंद, एक्झॉस्ट पंखा चालू. कपड्यांत चार बोटं अंतर ठेवा. जीन्स उलटी करून कमरेच्या बाजूने टांगा, खिसे बाहेर काढून. रेडिएटरवर (भिंतीलगतच्या हीटरवर) पसरू नका, त्याने खोली तापत नाही आणि वाफ थेट मागच्या भिंतीवर बसते.

डीह्युमिडिफायर (हवेतली ओल खेचणारं यंत्र) घ्यायचा तर चौघांत एक. खोली १५ अंशांच्या खाली जात असेल तर कॉम्प्रेसरवाला (फ्रिजसारखा हवा गार करून पाणी काढणारा) मंदावतो, तिथे डेसिकंट (ओल शोषणाऱ्या पदार्थावर चालणारा) प्रकार बरा. टेबलावर ठेवायचे छोटे स्वस्त डीह्युमिडिफायर ओल्या कपड्यांपुढे निरुपयोगी. पाणी शोषणाऱ्या दाण्यांची डबी कपाटात ठेवायला ठीक, खोलीसाठी नाही.

नवा_भाडेकरू:
आणि जी बुरशी आलीच आहे तिचं काय? वरून रंग मारला तर चालेल?

उत्तर: डिपॉझिट_परत
रंग अजिबात नको. थोड्याच दिवसांत पोपडे धरून ती पुन्हा वर येईल.

आधी ओल कुठली ते ठरवा. भिंतीवर फूटभर अॅल्युमिनियम फॉइल चारही कडांनी टेपने घट्ट चिकटवा, दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला पाणी असेल तर हवेतली वाफ, मागच्या बाजूला असेल तर भिंतीतून येतंय. पिवळट-तपकिरी कड असलेला, पावसानंतर पसरणारा डाग म्हणजे बहुधा गळती. ते काम घरमालकाचं, खिडकी कितीही उघडा.

डाग लहान असेल तर हातमोजे, मास्क, खोलीचं दार बंद, खिडकी उघडी. कोरडं घासू नका, बुरशीचे बीजाणू उडतात. साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मग ७० टक्के अल्कोहोल. त्या वेळी हीटर, शेगडी बंद. फडकी पिशवीत बांधून टाका. ब्लीच वापरलंच तर व्हिनेगर, अमोनिया किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये मिसळू नका, विषारी वायू होतो. डाग साधारण एक चौरस मीटरहून मोठा असेल, किंवा वॉलपेपरच्या आत शिरला असेल, तर हात लावू नका.

पुसण्याआधी फोटो काढा, एक जवळून आणि एक लांबून, जवळच्या फोटोत मोजपट्टी धरून. आजच घरमालकाला ईमेल करा: डाग कुठे, केव्हा दिसला, आर्द्रतामापकाचे आकडे काय. फोनवर सांगितलेलं डिपॉझिटच्या वेळी कुणाला आठवत नाही, आणि उशिरा कळवलंत तर नुकसान तुमच्या माथी मारणं सोपं जातं. रागाने भाडं थांबवू नका, बहुतेक करारांत तो तुमचाच भंग ठरतो. उत्तर आलं नाही तर करार घेऊन विद्यापीठाच्या निवास-सल्ला कक्षात किंवा विद्यार्थी संघटनेकडे जा, हा सल्ला सहसा फुकट असतो.

नवा_भाडेकरू:
स्पिन ८०० वरच होतं. फॉइल लावलंय, परवा सांगतो.