एका सोबत्याचा आधार
मन खंबीर असेल तर मित्रांच्या आग्रहाला कोणी बळी पडत नाही, हे मत मला पूर्णपणे पटत नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत, रेषांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही, सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी गटातील इतरांनी ठरवून दिलेल्या चुकीच्या उत्तराला दुजोरा दिला. मात्र गटातील एकाने जरी खरे उत्तर दिले, तरी हे प्रमाण पुष्कळ घटले.

एकोणिसाव्या वर्षी मी हे स्वतः अनुभवले आहे. सगळ्यांसमोर सिगारेट पुढे आली तेव्हा, नकार द्यायचे ठरवून गेलेलो असूनही, माझा हात उचलला गेला होता. इतक्यात शेजारचा मुलगा शांतपणे "मी ओढत नाही" म्हणाला आणि माझा हात पुन्हा खिशात गेला. त्यानंतर अशा ठिकाणी जाण्यापूर्वी आम्ही दोघे आधीच बोलून ठेवू लागलो.