अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर बैठक ठेवली आहे; काय वाचावे?

श्रावणसर : लंडनमधील आमच्या मराठी वाचनगटात पुढील महिन्यात पाश्चात्त्य देशांतील अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि मोकळी चर्चा या विषयावर बैठक आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिलचा ‘ऑन लिबर्टी’ हा १८५९ चा निबंध बहुतेकांनी वाचला असल्याने तत्त्वावर सगळे लगेच माना डोलावतात आणि विषय तिथेच आटोपतो. मतभेद उघडे पडतील असे वाचन कृपया सुचवावे.

दक्षिणवारा : मिल बाजूला ठेवा आणि स्कोकी प्रकरण घ्या. शिकागोजवळच्या या उपनगरात ज्यूंची मोठी वस्ती होती, आणि नाझी छळछावण्यांतून वाचलेले अनेक जण तिथे राहत होते. १९७७ साली अमेरिकी नाझींच्या एका लहानशा गटाने नेमके तिथेच गणवेशात निदर्शने करायचे ठरवले. गावाने मनाईहुकूम मिळवला, पुढे साडेतीन लाख डॉलरच्या विम्याची अटही घातली; त्याविरुद्ध नाझींची बाजू लढवली ती अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी स्वातंत्र्यांसाठी लढणाऱ्या संघटनेने. तिचे वकील डेव्हिड गोल्डबर्गर ज्यू होते, आणि कार्यकारी संचालक आर्ये नायर तर बर्लिनमध्ये जन्मलेले, लहानपणी कुटुंबासह नाझी राजवटीतून निसटलेले. हजारो सभासद संघटना सोडून गेले. नायर यांनी १९७९ च्या ‘डिफेंडिंग माय एनिमी’ या पुस्तकात आपली भूमिका मांडली आहे: सत्तेला आवर घालणारे नियम शत्रूसाठी मोडले, तर उद्या दुबळ्या अल्पसंख्याकांच्या हाती काहीच उरत नाही. (न्यायालयात जिंकूनही त्या गटाने स्कोकीऐवजी शिकागोतच सभा घेतली, हे वाचताना थोडे हसू येते.) मला नायर पटतात, तुमच्या गटात सर्वांना पटणार नाहीत, म्हणूनच सुचवतो.

कोकणकडा : एवढ्यावर थांबलात तर केवळ अमेरिकी बाजू समोर येईल. जर्मनीत ज्यूंचा नरसंहार नाकारणे हा दंडनीय गुन्हा आहे आणि तिथली लोकशाही त्यामुळे कोसळलेली नाही. तुम्ही लंडनला आहात, तेव्हा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाचा १९७६ चा हँडीसाइड निकाल जरूर वाचा. दुखावणाऱ्या, धक्का देणाऱ्या आणि अस्वस्थ करणाऱ्या विचारांनाही संरक्षण आहे, असे त्यात ठामपणे म्हटले आहे. मात्र शाळकरी मुलांसाठीच्या एका पुस्तकाबद्दल ब्रिटिश प्रकाशकाला झालेली शिक्षा त्याच निकालाने योग्य ठरवली.

श्रावणसर : दोन्ही घेतो. अमेरिकेत मर्यादा नेमकी कुठे येते?

दक्षिणवारा : त्यासाठी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९६९ चा ब्रँडनबर्ग निकाल पाहा, तो अगदी छोटा आहे. तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याच्या हेतूने केलेली आणि ते घडण्याचा संभव असलेली चिथावणी शिक्षेस पात्र ठरते, हिंसेचे नुसते समर्थन ठरत नाही. हँडीसाइडच्या आधी हा वाचायला द्या.