'लढाई', 'हत्याकांड' की 'शिरकाण'?

पडद्यामागचा: फिलिपिन्सच्या दक्षिणेला होलो बेट आहे. तिथल्या ताउसुग लोकांवरचं एक नाटक मराठीत आणतोय. अमेरिकेचा डोईपट्टीसारखा कर आणि अंमल दोन्ही नको म्हणून शेकडो लोक बायकापोरांसकट बड डाजो डोंगराच्या जुन्या ज्वालामुखी विवरात जाऊन राहिले. मार्च १९०६ मध्ये अमेरिकन जनरल लेनर्ड वूडच्या फौजेने तोफा वर चढवल्या. अंदाजे ८०० ते १००० माणसं मेली, अमेरिकन वीसेक. संहितेत 'बॅटल' आहे. मी 'लढाई' लिहिलं, पण वाचनात नटच अडखळतात.

कोशवाला: अडखळणारच. तरी 'हत्याकांड' घाईने लिहू नका. जालियनवाला बागेमुळे त्या शब्दाला निःशस्त्र गर्दीचा अर्थ चिकटलाय. डाजोवरच्या लोकांकडे भाले होते, पानाच्या आकाराचे बारुंग होते, काही बंदुकाही होत्या. 'शिरकाण' कानाला बरोबर वाटतं, पण त्याची व्युत्पत्ती लोक शिर्के घराण्यापर्यंत नेतात. ऐकणारा थेट शिर्क्यांच्या शृंगारपुरात पोचेल!

नाखवा: आधी उच्चार सुधारा. स्पॅनिश स्पेलिंगमधला जे म्हणजे 'ह'. होलोचं बरोबर लिहिलंत, मग डाजो का? बुद दाहो. आणि बुद म्हणजेच डोंगर, त्यामुळे 'बुद दाहो डोंगर' हे आपल्या 'सह्याद्री पर्वता'सारखं झालं. ताउ म्हणजे माणसं, सूग म्हणजे समुद्राचा प्रवाह. प्रवाहाची माणसं. हे एखाद्या पात्राच्या तोंडी घालता येईल.

पडद्यामागचा: 'कुता' म्हणजे गढी, तिथे काय करू?

कोशवाला: 'कोट' करा, बिनधास्त. संस्कृत कोट मलय भाषेमार्गे तिकडे गेला. अमेरिकन कागदपत्रांत तोच 'कोट्टा' होऊन येतो. गंमत 'किस्सा'ची आहे. मूळ अरबी शब्द एकच, पण आपल्याकडे किस्सा म्हणजे चहाबरोबर सांगायची मजेशीर हकीकत. ताउसुगांचा किस्सा गाऊन सांगतात, साथीला गब्बांग हे बांबूच्या पट्ट्यांचं वाद्य. 'आता दाहोचा किस्सा ऐका' म्हणालात की प्रेक्षागृह हसेल. 'पोवाडा' जवळचा, पण त्याला डफ-तुणतुण्याचा वास येतो. मी 'कथागीत' म्हणेन. कोरडं आहे, पण फसवत नाही.

नाखवा: 'पारंग सबील'चं भाषांतर करू नका. पारंग म्हणजे लढणं, सबील म्हणजे वाट, देवाची वाट. मोहरमात आपल्याकडे सरबताची सबील लागते, तोच शब्द. मलयमध्ये पारंग म्हणजे कोयता, त्यामुळे काही जण 'कोयत्याची वाट' करून बसतात. स्पॅनिशांनी या वाटेवर लढणाऱ्या माणसाला 'हुरामेंतादो' म्हटलं, शपथ घेतलेला. शत्रूने दिलेलं नाव आहे ते, ताउसुग पात्राच्या तोंडी नको.

पडद्यामागचा: मग 'लढाई'लाही तोच नियम लावतो. वूडच्या तोंडी 'लढाई', वाचलेल्या बाईच्या तोंडी 'कापाकापी'.

कोशवाला: 'कापाकापी'त दोन्हीकडून कापणं येतं. 'कत्तल' म्हणू द्या तिला. शब्द अरबीच आहे, तिच्या ओठी बसेल.