ग्रंथपालाचं शिक्षण आणि आमचं बडोदं

'पुस्तकं द्यायची-घ्यायची, त्याला शिक्षण कशाला?' असं ग्रंथपालांबद्दल कुणीतरी विचारलंय, म्हणून बडोद्याहून लिहितेय. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना बोलावलं आणि पुढच्याच वर्षी इथे ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेडोपाडी जायची. बायकामुलांसाठी वेगळी सोय होती. इथल्या मांडवी भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात मजल्यांची जमीन काचेची आहे, उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपतो. (एकदा नक्की बघा!) आणि 'इतिहासाचं काहीतरी द्या' म्हणणाऱ्या पोराला नेमकं काय हवंय, हे चार प्रश्न विचारून काढून घेणं मला तरी ग्रंथपालाच्या कामात सगळ्यांत अवघड वाटतं. ते शिकावंच लागतं.