कथेतलं तारकायान: जमिनीवर बांधू की कक्षेत?

उदगीरकर:
मंडळी, दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायलोय. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे, त्याच भागातल्या माळावर पुढच्या शतकात तारकायान बांधतात. ३०० मीटर लांब, २० हजार टन. गावातली पोरं कुंपणाबाहेरून सांगाडा वाढताना बघतात, हे दृश्य काही सोडवत नाही. मित्र म्हणतो, एवढं धूड जमिनीवर कोण बांधतं? काय करू?

गोदाकाठ:
कक्षेतच. आपलं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना ६४० टनांचं असतं अन् खालच्या कक्षेत नेतं जेमतेम ८ टन. विषय संपला.

वाळूजवाला:
कसा संपला? कक्षेत बांधलं तरी माल खालूनच जाणार ना! ८-८ टनांनी २,५०० फेऱ्या. वजन काही माफ होत नाही.

फायदा दुसराच आहे. मी फॅब्रिकेशनमध्ये आहे, साखर कारखान्याचे व्हॅक्यूम पॅन बनवतो. मोठ्या व्यासाची शेल, म्हणजे पत्र्याचं नळकांडं, आडवी ठेवली की स्वतःच्याच वजनानं बसते, ओव्हल होते. म्हणून आतून स्पायडर, म्हणजे तात्पुरते टेकू, मारायचे अन् काम झालं की कापून काढायचे. ३०० मीटरच्या यानाला असले टेकू किती लागतील, बघा. शिवाय उड्डाणाचा धक्का सोसायला सगळा सांगाडा जाड करावा लागणार, तो पुढं जन्मभर उगाच वाहायचा. कक्षेत ही भानगड नाही.

पण वेल्डिंग तिथं करू नका. होतं, नाही असं नाही. १९८४ मध्ये सोव्हिएत अंतराळवीर स्वेतलाना सवित्स्काया यांनी साल्युत-७ या अंतराळ स्थानकाच्या बाहेर उभं राहून केलंय. पण हवा नाही, त्यामुळं वेल्ड केलेला तुकडा लवकर थंड होत नाही. दीड तासात एक ऊन, एक सावली. एवढ्या लांब पोलादात १०० अंशांचा फरक पडला तर लांबी ३६ सेंटीमीटरनं बदलते. फिटअप, म्हणजे वेल्डआधी कडेला कड, कसा जुळवणार? अन् वजन नसलं तरी वस्तुमान असतंच. २० टनांचा तुकडा हळू सरकत आला तरी मधला हात गेला.

म्हणून तुकडे खालीच बनवा, वर नुसते बोल्ट. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं तसंच झालं. त्याचे पहिले दोन भाग: झार्या रशियात बनलं, युनिटी अमेरिकेत. डिसेंबर १९९८ मध्ये दोन्ही पहिल्यांदा एकमेकांना लागले ते थेट कक्षेतच. मला विचाराल तर ही जोखीम मी घेतली नसती. आम्ही आधी यार्डात ट्रायल असेंब्ली करतो, कुठला तुकडा कुठं लागतो त्याच्या खुणा, म्हणजे मॅच मार्क, टाकतो, मग सुटं करून साइटवर धाडतो.

तुमच्या माळावर तेच करा. पोरं सांगाडा वाढताना बघतील, अन् पुरा झाला की परत सुटा होताना पण बघतील. मग ट्रेलर वसमतवरून नांदेडकडं, पुढं श्रीहरिकोटा.

गोदाकाठ:
चंद्रावर बांधा ना मग! पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला ११.२ किलोमीटरचा वेग, तिथून २.४.

वाळूजवाला:
अन् प्लेट रोलिंग मशीन तिथं कोण नेऊन ठेवलंय?

उदगीरकर:
सुटं होण्याचं भारी सुचवलंत, तेच घेतो. पण माझ्या कथेत गुरुत्वाला न जुमानणारं इंजिन आहे. मग थेट माळावरून उडालं तर?

वाळूजवाला:
मग उडवा की, पण सुटं करायचा प्रसंग गेला. दोन्ही नाही जमणार. मी असतो तर इंजिनच काढून टाकलं असतं.

उदगीरकर:
काढलं. मॅच मार्क रंगानं टाकतात का?

वाळूजवाला:
पंच मारून. रंग वरून, नुसता दिसायला. सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूचा मारा करून पत्रा साफ करताना, रंग टिकत नाही.